खजिन्याची खोली कुठंय?

कादंबरीतलं पडकं शहर हजार वर्षं ओस असतं. तरी नायक आत शिरला की भिंतीवरचा पलिता पेटलेलाच. तेल कोण घालतं, हा माझा जुना प्रश्न. चिंध्यांचा पलिता तासभर टिकला तरी खूप झालं.

अशी पुस्तकं वाचून रायगडावर आलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत हिरमुसतो. ‘राजवाडा कुठंय?’ अहो, त्याच्यातच उभे आहात! मे १८१८मध्ये इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत लाकूडकाम गेलं, दगडी जोती उरली. वरच्या खांब-तुळया ज्याच्या त्यानं मनात उभ्या करायच्या, तेही भर उन्हात.

कादंबरीतल्या अवशेषांना पावसाळा नसतो, हीच त्यांची चैन. आपल्याकडे छप्पर गेलं की पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरतं, सांध्यांतला चुना सुटतो आणि एखादा पक्षी तिथे पिंपळाचं बी टाकून जातो. रोप बोटाएवढं असताना मुळासकट काढलं तर ठीक. नुसतं छाटलं तर दुप्पट जोमानं फुटतं, आणि मनगटाएवढं झाल्यावर ओढलं तर चिऱ्यासकट हातात येतं. सुटलेले घडीव चिरे पुढे कुणाच्या ओट्याला लागतात. खजिना जातो तो असा.

गुप्त कळ मात्र प्रत्येकाला हवी असते. दरवाजाच्या आतल्या बाजूला चौकोनी भोक दिसलं की डोळे चमकतात. ती अडसराची खाच. एका भिंतीत खोल, समोरच्या भिंतीत उथळ. दार उघडताना अख्खा ओंडका खोल बाजूला सरकवायचा. फळ्या गेल्या, ओंडका गेला, भोक राहिलं. त्यात हात घालू नये, विंचू असतो. बॅटरी मारून पाहावं. बहुधा वेफर्सचं पाकीट निघतं.

राहिला शाप. त्याबाबतीत मात्र आपण कुणाला हार जाणार नाही. शिलाहार राजांच्या काळातल्या गधेगाळ दगडांवर वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढव नि बाई कोरलेली. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी मुलांना समजावून सांगायची सोय नाही. त्यामुळे ‘हे काय कोरलंय?’ असं मुलानं विचारलं, की घरच्यांना एकदम समोरचं टाकं दाखवावंसं वाटतं. आणि काही गावांत याच शिवीला शेंदूर फासून नारळ फोडतात.