तीन नोटिसा आणि एक माकडटोपी

आमच्या खात्याचा एक नियम होता. थकबाकीदार कितीही निगरगट्ट असो, नोटीस दिल्याशिवाय त्याच्या दाराला सील ठोकायचं नाही. मालमत्ता कराच्या वसुलीत मी ३३ वर्षं काढली. हा नियम तंतोतंत पाळणारा इसम मात्र मला निवृत्तीनंतर भेटला, न्यू जर्सीत, रात्री अडीच वाजता, शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यापाशी.

जानेवारीअखेर आम्ही एडिसनजवळ चिरंजीवांकडे उतरलो. पहिल्याच रात्री दोन वाजता माझे डोळे टक्क उघडले. डोंबिवलीत तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले, म्हणजे पोटाच्या हिशेबाने पानावर बसायची वेळ. ही बाजूला शांत घोरत होती. हिला जेटलॅग होत नाही. हिला मुळात काही होतच नाही. जे काही होतं ते मला. तर मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून शेंगदाणे खात होतो आणि समोरून ते चाललं होतं.

आधी मांजर वाटलं. पण मांजर चोरासारखं जातं. हे काळ्या चंद्रकळेला पांढरे काठ लावून वरमाय मांडवात फिरावी, तसं चाललं होतं. सावकाश, शेपटी फुलवून, सगळे आपल्याला वाट देणारच या खात्रीने. सकाळी नातू म्हणाला, "आजोबा, तो स्कंक!" आणि सूनबाईंनी पटकन खिडकी लावून घेतली.

जेटलॅग आठ दिवसांत गेला, छंद राहिला. तिकडे सासऱ्यांना रात्री करण्यासारखं दुसरं असतं तरी काय? (दिवसाही नसतं, पण ते असो.) टॉर्चला लाल जिलेटिन कागद, अंगात कोट, डोक्याला ताईने विणलेली माकडटोपी, आणि मी बाहेर. चिरंजीव एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "बाबा, इथे रात्री दोन वाजता लोकांच्या अंगणात माकडटोपी घालून कोणी उभं राहत नाही."

"मग किती वाजता राहतात?"

फेब्रुवारी-मार्च हा त्यांचा लग्नसराईचा मोसम. एरवी थंडीत बिळात पडून राहणारे नर तेव्हा गल्लोगल्ली स्थळं बघत हिंडतात. एका रात्रीत तीन दिसले, तेव्हा मला वाघ दिसल्याचा आनंद झाला. खरं तर वाघाचं बरं असतं. तो झाडावर जी फवारणी करतो तिला बासमतीचा वास येतो, आणि बासमतीला वास देणारं रसायनही त्यात सापडलेलं आहे. स्कंकच्या वाट्याला हे भाग्य नाही. त्याचं शास्त्रीय नाव मेफायटिस मेफायटिस. लॅटिनमध्ये याचा अर्थ दुर्गंध दुर्गंध. एकदा सांगून शास्त्रज्ञांचं समाधान झालेलं दिसत नाही. पूर्वी याला मुंगूसासारख्या दिसणाऱ्या वीझलच्या कुटुंबात धरत. १९९०च्या दशकात जनुकं तपासली आणि त्याची चूल वेगळी मांडून दिली. वीझल मंडळींनी पेढे वाटले असतील.

पण मी भुललो ते त्याच्या कार्यपद्धतीवर. तुम्ही फार जवळ गेलात की स्कंक थांबतो आणि पुढचे पाय जमिनीवर धपाधप आपटतो. ही पहिली नोटीस. तरी हलला नाहीत तर फिस्कारतो, पाय घासत मागे सरकतो. दुसरी. मग शेपटी ताठ वर, आणि अंग असं वळवतो की तोंड आणि बूड दोन्ही एकाच वेळी तुमच्याकडे. ही अंतिम नोटीस. त्यानंतर थेट जप्ती, म्हणजे शेपटीखालून दुर्गंधी फवारा. तीन मीटरपर्यंत नेम सहसा चुकत नाही.

हे सौजन्य नव्हे बरं. शेपटीखालच्या दोन पिशव्यांत जेमतेम पाच-सहा फवाऱ्यांचा माल असतो आणि रिकाम्या झाल्या की भरायला आठवड्याहून अधिक काळ जातो. तेवढे दिवस बिचारा निःशस्त्र. आमच्या खात्यात तरी नोटिसा प्रेमापोटी कुठे जात होत्या? जप्तीला ट्रक एकच होता.

मार्चच्या मध्यावर मी जरा निर्ढावलो होतो. वीस पावलांवरून आठ फुटांवर आलो होतो. समोरच्याने पाय आपटले. मी पुतळ्यासारखा उभा. दोघांमध्ये एक समजूत होऊ घातली होती. एवढ्यात मागे स्प्रिंग लावलेला जाळीचा दरवाजा धाडकन आपटला आणि जिच्यापुढे भाजीवाले मुकाट कोथिंबीर फुकट देतात ती हाक आली, "अहोऽऽ! तिकडे काय करताय?"

तातडीच्या प्रकरणात नोटिशीची अट शिथिल करता येते. हे कलम आमच्याही कायद्यात होतं.

लांबून त्या वासाला कोणी जळका लसूण म्हणतं, कोणी जळकं रबर. जवळून तो वास नसतोच, जवळून तो मार असतो. डोळ्यांत मिरची, घशात गंधक. आयुष्यभर लोक मला नाकाने कांदे सोलतो म्हणाले. त्या रात्री पोतंभर सोलून झाले.

"तिथेच थांबा," ही म्हणाली. "घरात पाऊल टाकलंत तर याद राखा."

बाहेर पाणी गोठायच्या बेतात होतं. चिरंजीवांनी कुठेतरी ऐकलेलं, म्हणून टोमॅटो प्युरीचे दोन डबे माझ्यावर रिकामे केले. टोमॅटोने वास जात नाही. हुंगणाऱ्याचं नाक थकतं, एवढंच. मी मात्र टोमॅटोचं सार झालो, फोडणी तेवढी राहिली. शेवटी सूनबाई खाली आल्या. त्या औषध कंपनीत आहेत. नाकाला रुमाल लावून त्यांनी सांगितलं की हे थायॉल, म्हणजे गंधकाचं काम, आणि पॉल क्रेबॉम नावाच्या रसायनतज्ज्ञाचा १९९३ सालचा उतारा काढला. लिटरभर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खायचा सोडा, चमचाभर भांड्यांचा पातळ साबण. ताजंच वापरायचं, बाटलीत बंद करून ठेवलं तर बाटली फुटते.

"ढोकळाच की," ही म्हणाली आणि मला फेटलं.

वास बराचसा गेला. पेरॉक्साइडने माझ्या उरल्यासुरल्या काळ्या केसांत कपाळापासून मागे एक फिकट पट्टा तेवढा ओढला. नातवाने तो वर्गात सगळ्यांना फोटोत दाखवला. कोट कचऱ्यात गेला. माकडटोपी ताईच्या हातची, टाकवेना. धुऊन, वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मेअखेर डोंबिवलीला आणली. अगदी नाक खुपसलं तरच काय तो संशय यायचा.

पण त्या फवाऱ्यात काही द्रव्यं झोपलेली असतात, पाणी लागलं की जागी होतात. जूनच्या पहिल्या पावसाच्या आधी मी टोपी गॅलरीत वारा खायला टांगली होती. पाऊस आला, टोपी भिजली आणि दहा मिनिटांत जिन्यात सेक्रेटरींची बोंब, "कोणाचा सिलिंडर लीक होतोय? बटणं दाबू नका! सगळे खाली या!"

त्यांची चूक नाही. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात जे मर्कॅप्टन घालतात, ते या थायॉलचंच सख्खं भावंड. सगळी बिल्डिंग छत्र्या घेऊन अंगणात उभी राहिली, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खुर्चीसकट. गॅसवाल्याचा माणूस प्रत्येक शेगडी हुंगत वर आला, आमच्या दारात थबकला आणि गॅलरीकडे वळला.

मी हिच्याकडे पाहिलं. ही काही बोलली नाही. फक्त एक पाय फरशीवर आपटला.

मी हळूच तीन मीटर मागे सरकलो.