बटव्यातला खोकला

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दोरीवरचे कपडे सलग चौथ्या दिवशीही वाळायचे नाव घेत नव्हते आणि पंख्याखाली टांगलेल्या मोज्यांमुळे सगळ्या घराला कुबट वास येऊ लागला होता, तेव्हा रात्री पावणेदोनच्या सुमारास आमचे चार वर्षांचे चिरंजीव पहिल्यांदा खोकले. खोकला तसा किरकोळ होता आणि खोकणारा इसम झोपेतून उठलाही नाही. परंतु डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांमधले सगळे दिवे एकाच वेळी लागले. पत्नीने मुलाच्या कपाळाला हात लावला, मी तिच्या हाताला हात लावून पाहिला आणि आई बाहेरच्या खोलीतून सुंठ, गूळ व तूप यांची गोळी वळतच आत आली. इतक्या थोड्या वेळात तिने सुंठ कुटली कधी, गूळ किसला कधी आणि मुळात ती झोपली तरी होती का, हे विचारण्याची हिंमत मला आजवर झालेली नाही.

आई चिपळूणची आणि सासूबाई अकोल्याच्या असल्यामुळे आमच्या घरात वैद्यकाच्या दोन स्वतंत्र परंपरा नांदतात, आणि त्यांचे एकमत फक्त एकाच मुद्द्यावर होते, तो म्हणजे मुलाच्या बापाला काही कळत नाही. सकाळी सात वाजता सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नातवाला पडद्यासमोर खोकायला लावून त्यांनी खोकला नीट ऐकून घेतला आणि निदान केले, "जावईबापू, हा ओला खोकला आहे, ओवा शेका." मागून आई म्हणाली, "कोरडा आहे, अडुळसा द्यायला हवा." ओला की कोरडा यावर पुढची वीस मिनिटे अत्यंत आदराने चर्चा झाली, दोन्ही बाजूंनी एकमेकींना 'ताई' असे संबोधण्यात आले, आणि शेवटी दोन्ही उपचार करण्याचे ठरले. ते करायचे कोणी, या प्रश्नावर मात्र कोणतीही चर्चा झाली नाही.

ओव्याचा शेक ऐकायला सोपा वाटतो. मूठभर ओवा तव्यावर गरम करायचा, सुती फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, ती आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहायची आणि मग मुलाच्या छातीपाठीवरून फिरवायची. यातला मनगटाचा टप्पा मी घाईत विसरलो आणि थेट पुरचुंडी तळहातावर दाबून धरली, त्यामुळे आमच्या घरात त्या दिवशी पहिली आरोळी रुग्णाची नसून वैद्याची होती. चिरंजीवांना हा प्रकार इतका आवडला की ते खोकणे विसरून 'बाबा, परत ओरड' असे म्हणू लागले.

अडुळशाच्या काढ्याला मात्र मी मनापासून मान देतो, कारण त्यात मी दोन तास गुंतवले आहेत. अडुळसा आईने सोसायटीच्या कुंपणातून आणला, शेजारच्या काकूंच्या कुंडीतली तुळस आणि गवती चहा त्यांना विचारून, म्हणजे तोडून झाल्यावर विचारून, मिळवण्यात आला, ज्येष्ठमध आईच्या बटव्यातून निघाले, आणि चार पेले पाण्याचा एक पेला होईपर्यंत मी गॅससमोर उभा राहिलो. त्या एका पेल्याचे पुढे काय झाले याचा हिशेब मी ठेवला आहे. अर्धा पेला माझ्या पांढऱ्या बनियनवर गेला, पाव पेला मुलाने तोंडात साठवून, गालांचा फुगा करून, गॅलरीतल्या मनीप्लांटला दिला, आणि उरलेल्यातले तीन चमचे त्याच्या पोटात गेल्याचा आईचा दावा आहे. बनियन अजून तसेच आहे. मनीप्लांटला मात्र तेव्हापासून कधी खोकला झालेला नाही.

हा हिशेब मी दुसऱ्या दिवशी आमच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंना जरा चेष्टेच्या सुरात सांगायला गेलो. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि सांगितले की, अडुळशात वासिसिन नावाचे द्रव्य असते आणि कफ पातळ करण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारे ब्रोमहेक्झिन हे त्याच्यावरूनच तयार करण्यात आले आहे. ही माहिती मी घरी सांगितली नसती तर बरे झाले असते. आईने ती ऐकली, शांतपणे पदर खोचला आणि त्यानंतरचे दोन दिवस माझ्याशी अशा प्रेमळ सहानुभूतीने बोलली, जशी लोक परीक्षेत नापास झालेल्या मुलाशी बोलतात.

डॉक्टरीणबाईंनी मात्र आणखीही बरेच काही सांगितले होते आणि ते आईला तितकेसे रुचणारे नव्हते. हा खोकला विषाणूंचा असल्यामुळे त्याच्यावर अँटिबायोटिक चालणार नाही, सर्दी गेल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, आणि रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिला तर घशाला आराम पडतो. "पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही," असे त्या म्हणाल्या, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बारशाच्या दिवशी बाळाच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीने मध चाटवणाऱ्या आमच्या समस्त आत्या-मावश्या माझ्या डोळ्यांसमोरून झरझर सरकल्या. दुकानातल्या खोकल्याच्या बाटल्यांबद्दल विचारले तेव्हा त्या हसल्या नाहीत. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांच्या एकत्रित औषधावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असे छापण्याचा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी 2023 साली दिला, एवढे सांगून त्यांनी माझ्या खिशातली, शेजारच्या नानांनी 'आमच्या नातवाची उरलेली आहे' म्हणून दिलेली बाटली काढून घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. नानांनी ती नंतर दोनदा परत मागितली.

यानंतर त्यांचे लक्ष चिरंजीवांच्या गळ्याकडे गेले. तिथे कापराच्या दोन वड्या, लसणीच्या पाच पाकळ्या आणि थोडा ओवा अशी एक पुरचुंडी लटकत होती, जी सासूबाईंच्या फोनवरील मार्गदर्शनाखाली मीच शिवली होती. कापूर मुलाच्या पोटात गेला तर त्याला झटके येऊ शकतात, आणि चार वर्षांचे मूल गळ्यातली वस्तू तोंडात घालण्यापूर्वी कोणाला विचारत नाही, असे त्यांनी समजावले. वाफ घेण्यासाठी मुलासमोर उकळत्या पाण्याचे पातेले ठेवण्यालाही त्यांनी ठाम मनाई केली, कारण त्यांच्याकडे खोकल्यासाठी येणाऱ्या मुलांपैकी काही दुसऱ्यांदा येतात ती भाजल्यामुळे. कानात गरम तेलही बाद झाले. त्याऐवजी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पातळ पदार्थ आणि भरपूर धीर हे तीन उपाय सांगण्यात आले, ज्यांपैकी पहिले दोन आमच्या घरात उपलब्ध होते.

निघताना त्यांनी मला एक काम दिले. मूल शांत असताना किंवा झोपले असताना, छातीकडे पाहून, पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा त्याहून अधिक भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, ओठ निळसर दिसले, मूल पाणीही पिईनासे झाले किंवा नुसते मलूल पडून राहिले, तर काढा, पुरचुंडी, मध यांपैकी कशाचीही वाट न पाहता थेट घेऊन यायचे. सगळ्या प्रकरणात मला समजलेला आणि माझ्या आवाक्यातला हा एकमेव उपचार होता, कारण त्यात काही कुटायचे, आटवायचे किंवा कोणाच्या घशाखाली उतरवायचे नव्हते.

घरी धुरीची तयारी झालेली होती. पेटवायला जे लागते त्याला आई शेणी म्हणते आणि सासूबाई गोवरी म्हणतात. डोंबिवलीत मात्र ती वस्तू ऑनलाइन मिळते, आणि आमच्याकडे ती बारा नगांच्या खोक्यात, प्रत्येक नग स्वतंत्र प्लास्टिकात गुंडाळून, वर 'नाजूक वस्तू' असा कागद चिकटवून आली होती. तिच्या निखाऱ्यावर वावडिंग, ओवा आणि बाळंतशेपा टाकताच जो धूर उसळला त्यात प्रथम आई दिसेनाशी झाली, मग देव्हारा, आणि मग मीही. मुलासकट आम्ही सगळे खोकू लागलो. खाली वॉचमनला चौथ्या मजल्याच्या खिडकीतून धूर निघताना दिसला, तेव्हा तो लिफ्टची वाट न पाहता वाळूची बादली घेऊन जिने चढून आला. दार उघडताच त्याने आमच्याकडे पाहिले, निखाऱ्याकडे पाहिले, नाकाने एकदा हुंगले आणि म्हणाला, "ओवा कमी पडला, साहेब." हाही वैद्य होता.

धुराने खोकला वाढतो हे आईला मान्य नव्हते. तिच्या मते तो दृष्टीमुळे वाढला होता. त्यामुळे संध्याकाळी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुलावरून उतरवून विस्तवात टाकण्यात आल्या. या चाचणीचा नियम असा आहे की मिरच्यांचा ठसका लागला नाही, तर दृष्ट लागली होती हे सिद्ध होते, आणि ठसका लागला, तर दृष्ट नव्हती. आम्हाला ठसका लागला. म्हणजे मुलाला दृष्ट लागलेली नाही हे कळण्यासाठी घरातल्या चारही माणसांना आणि वरच्या मजल्यावरच्या एका पाहुण्याला पाच मिनिटे खोकावे लागले.

या सगळ्यात आई सहाण काढून बसली नसती तरच नवल. चार वर्षांच्या मुलाला बाळगुटी द्यायची नसते हे तिला ठाऊक आहे. परंतु वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ आणि काकडशिंगी यांच्याकडे तिने नुसते पाहिले तरी तिला बरे वाटते. आमच्या घरात मात्रा ग्रॅममध्ये नसून वेढ्यांमध्ये मोजली जाते, म्हणजे सहाणेवर हळकुंडाचे तीन वेढे, जायफळाचा अर्धा आणि वेखंडाचा जेमतेम एक. वेखंडाने मुलाची वाचा स्वच्छ होते असे म्हणतात. मला ते लहानपणी पुरेसे उगाळून दिले होते, आणि माझे बोलणे खरोखरच स्वच्छ आहे, फक्त ते घरात कोणी ऐकत नाही.

पाचव्या दिवशी, इतक्या औषधांनंतर जे व्हायचे तेच झाले आणि मुलाचे पोट बिघडले. आता माझ्या ज्ञानाची पाळी होती. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण मी पाठ केले होते, आणि 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने किती जीव वाचवले, हेही मी आईला चमचा हातात धरून सविस्तर सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले. मग माझा चमचा सपाट नसून शिगोशीग आहे हे दाखवून दिले, वरची साखर बोटाने खाली पाडली आणि म्हणाली, "आम्ही तुला भाताची पेज मीठ घालून देत होतो रे, तेव्हा कुठे होते तुझे चमचे?" संध्याकाळी फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की, मीठ घातलेली पेजही चांगली. ही बातमीसुद्धा मी घरी सांगितली, कारण मी अनुभवातून शिकणाऱ्यांपैकी नाही.

रात्री मात्र माझे राज्य असे. दोन वाजता अंधारात मुलाच्या उशाशी मांडी घालून, मोबाइलच्या घड्याळाकडे एक डोळा आणि त्याच्या छातीकडे दुसरा ठेवून, मी तोंडातल्या तोंडात श्वास मोजत असे. हे वाटते तितके सोपे नाही. सतरावर आकडा आला की तो कूस बदलतो, एकवीसवर तो झोपेत हसतो, आणि एकदा तर मी त्याच्याऐवजी स्वतःचेच श्वास मोजत बसलो आणि घाबरलो. पत्नीने एका रात्री विचारले की, एवढा आकडा बरा येतोय तर झोपत का नाहीस. मी म्हणालो की, परत एकदा मोजतो. ती काही बोलली नाही. तिने उठून मुलाच्या पायांवरचे पांघरूण सारखे केले आणि माझ्या शेजारी बसून तीही मोजू लागली. आमचे आकडे कधीच जुळले नाहीत.

अकराव्या दिवशी खोकला गेला. सकाळी उठून मूल खोकले नाही, हे प्रथम त्याच्याच लक्षात आले आणि त्याने झोपताना मिळणाऱ्या मधासाठी दोनदा खोटे खोकून पाहिले. सासूबाईंनी ओव्याचे आणि आईने अडुळशाचे अभिनंदन केले, नानांनी डॉक्टरांकडे अडकलेल्या बाटलीचा गुण लांबूनही येतो असे सुचवले, आणि वॉचमन मला लिफ्टपाशी गाठून म्हणाला, "धुरी लागू पडली ना, साहेब?" डॉक्टरीणबाईंना कळवले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या की, हो, जातो तो.

त्या संध्याकाळी काकू तुळशीची चौकशी करायला आल्या. आई त्यांना चहा देता देता हळूच सांगत होती, "औषधे काय, सगळेच करतात हो. पण आमचा हा, जो कधी देवापुढे हात जोडत नाही, तो अकरा रात्री लेकाच्या उशाशी बसून जप करत होता. मी स्वतः पाहिले, ओठ हलत होते." काकूंनी माझ्याकडे पाहिले ते पूर्वी कधी न पाहिलेल्या नजरेने. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि विचारले की, कोणता जप आणि किती.

"मिनिटाला चोवीस," मी म्हणालो.