ओलावा 12.6, बीपी 168

आमच्या वडिलांनी मागे दोन गोष्टी ठेवल्या. सहा एकर शेत आणि राग. शेताची दोघा भावांत वाटणी झाली, तीन-तीन एकर. रागाची वाटणी काही झाली नाही, तो अख्खाच्या अख्खा माझ्या नावावर चढला. सातबाऱ्यावर दिसणार नाही, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात कोणालाही विचारा, फेरफार मंजूर आहे.

यंदा दिवाळीनंतर आईच्या गोळ्या आणायला उपकेंद्रात गेलो. गर्दी नव्हती. सिस्टर म्हणाल्या, "काका, आलेच हा तं तुमचाबी बीपी पाहून घेऊ. पाच मिनिटं चूप बसा. बोलाचं नाई." पाच मिनिटं गप्प बसण्याचा मला सराव नाही. झोपेत बसतो म्हणावं तर बायकोचं त्यावरही वेगळं म्हणणं आहे. कसाबसा बसलो. दंडाला पट्टा आवळला, फुस्स करून सुटला आणि आकडा आला: 168 आणि 104.

"मशीन बिघडली असन."

"नवी हाये काका."

"मंग पट्टा ढिला असन!" हे मी इतक्या शांतपणे म्हणालो की बाहेरच्या निंबावरचे बगळे उडाले.

पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा मोजलं. आकडा माझ्यासारखाच हट्टी निघाला. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. रोज सकाळी एक गोळी. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे भाजी, वरण, ठेचा, लोणचं सगळं धरून चहाचा एक चमचा. आणि तोंडी सांगितलं, राग गिळायला शिका. गोळी पाण्यासोबत गिळायची हे चिठ्ठीवर होतं. राग कशासोबत गिळायचा हे नव्हतं.

घरी येऊन मी बायकोपुढे माझी बाजू मांडली. म्हटलं, आपल्या इकडच्या गाडगेबाबांचंच पाहा, कीर्तनात समोरच्यांना कसे खडसावून विचारायचे, देवापुढे बकरं कापता, कर्ज काढून जेवणावळी घालता, लाज नाही वाटत? त्यांना कोणी म्हटलं का राग आवरा म्हणून?

"ते आंधी गाव झाडत," ती म्हणाली, "मंग बोलत. तुमी आंगन तं झाडा." आणि खराटा माझ्या हातात दिला.

त्या खराट्यानंच आठ दिवस न रागावण्याचा नेम सुरू झाला.

माझी पुतणी यवतमाळला नर्सिंग शिकते. तिनं फोनवर सगळं समजावून सांगितलं. राग आला की अंगात अॅड्रिनलिन सुटतं, हृदय धडधडतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दाब चढतो. मी म्हटलं, म्हणजे पाणी ओलताना पाईपच्या तोंडावर अंगठा दाबल्यासारखं. ती म्हणाली, "बरोबर काका, तो अंगठा सोडाचा." कसा सोडायचा, तर चार मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा. श्वास लांबवून सोडला की ठोके मंदावतात. तेवढ्यानं नाही भागलं तर बोलण्याआधी दहापर्यंत मोजायचं. हा दहाचा उपाय अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी 1825 साली एका पत्रात लिहून ठेवला आहे म्हणे: राग आला तर दहा मोज, फार आला तर शंभर.

त्या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईन होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. बारा वाजून वीस मिनिटांनी लाईन आली. कानाला मफलर, हातात बॅटरी, असा विहिरीवर पोचलो. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटर घुंऽऽ करून बसली. एक फेज गायब. वायरमनला फोन लावला. उचलला गेला, पण पलीकडून फक्त घोरण्याचा आवाज आला.

मी मोजायला घेतलं. एक. दोन. तीन म्हणताना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चार-पाच रोही (नीलगायी) येऊन उभे राहिले. चार. त्यातला एक माझ्याकडे पाहत-पाहत हरभऱ्यात उतरला. पाच. त्यानं खायला सुरुवात केली. सहा. बाकीच्यांना त्यानं बोलावलं असावं. सातला तिसऱ्या फेजचा दिवा लागला, बटण दाबलं आणि मोटर उचलली! पाईप थरथरला, पाणी खळखळत सारीत पडलं, थंडीत त्यातून वाफ निघाली. आठ. नऊ. दहा म्हणायला तोंड उघडलं आणि लाईन गेली.

जेफरसन साहेबांना मी त्या अंधारात फार आठवलं. तेही शेतीवालेच होते. पण पुतणीनं नंतर हेही सांगितलं की त्यांच्या मालकीचे उभ्या आयुष्यात सहाशेच्या वर गुलाम होते. मग बरोबर आहे. पाणी ओलायला दुसरा माणूस असला म्हणजे मालकाला शंभरपर्यंतसुद्धा मोजता येतं.

आईचा उपाय जुना होता. ती म्हणाली, एकनाथ महाराजांकडे पाहा. गोदावरीत आंघोळ करून आले की एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा, महाराज परत आंघोळीला जायचे. असं 108 वेळा. पण राग नाही. गोष्ट खरीच मोठी आहे, मी हात जोडतो. फक्त माझं म्हणणं एवढंच की नाथांजवळ गोदावरी होती. आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, तेही पाऊण तास. माझ्यावर कोणी दोनदा थुंकला तर दुसरी आंघोळ गुरुवारी.

हे सगळं मी निभावलं. खरी परीक्षा कापसाची होती.

अकरा क्विंटल कापूस मेटाडोरमध्ये भरून पहाटे खरेदी केंद्रावर गेलो. माझ्यापुढे एकोणचाळीस गाड्या. तिथला नियम सगळ्यांना पाठ असतो: ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, त्यावर प्रत्येक टक्क्यामागे भाव कापला जातो, आणि 12च्या वर गेला की गाडी परत. म्हणजे कापसालाही बीपी असतो. फरक इतकाच की कापसाला कोणी रागावू नको म्हणत नाही.

दुपारी दोनला माझा नंबर लागला. ग्रेडर गाडीवर चढला. मीटरचा तो लांब दांडा त्यानं कापसात खुपसला, अगदी नेमका त्या कोपऱ्यात, जिथे दवाच्या सकाळी वेचलेली दोन गाठोडी होती. साऱ्या गाडीत तीच दोन ओली होती, आणि हे त्याला कसं कळलं ते त्यालाच ठाऊक. मीटरवर आकडे हलले आणि थांबले. 12.6.

"परत."

मला ती कळ माहीत आहे. ती बेंबीतून निघते, छातीत जरा थांबते आणि कानातून वाफ होऊन जाते. वडिलांची एक ठेवणीतली शिवी आहे, तिचा पहिला शब्द जिभेवर आलाही होता. मी तोंड मिटलं. चार मोजत श्वास घेतला. सहा मोजत सोडला. परत घेतला. परत सोडला. नाकपुड्या फुगल्या असाव्यात, डोळे तर नक्कीच मोठे झाले होते, कारण ग्रेडर दोन पावलं मागे सरकला. "काका, दमा हाये का तुमाले? अरे, कोनी पानी आना यायले!"

चौकीदारानं स्वतःची खुर्ची दिली. कोणी पाणी आणलं, कोणी बिस्किटाचा पुडा. एका भल्या माणसानं उपरण्यानं वारा घातला. आयुष्यात माझी इतकी सरबराई लग्नातसुद्धा झाली नव्हती. सगळं मिळालं, फक्त ते 0.6 कोणी कमी करून दिलं नाही.

माझ्या मागच्या गाडीत 12.4 निघाला. त्या गाडीचा मालक श्वास वगैरे काही न घेता सुरू झाला. ग्रेडरच्या आज्यापासून सुरुवात करून तो खाली-खाली येत गेला, आणि बापापर्यंत पोचायच्या आत ग्रेडरनं दांडा गाडीच्या दुसऱ्या बाजूला खुपसून पाहिला. 11.9. गाडी काट्यावर गेली. मी खुर्चीत बसून दुसरं बिस्किट खात होतो.

मेटाडोरचं भाडं दुप्पट झालं. दोन दिवस अंगणात ताडपत्रीवर कापूस वाळत घातला. बायको मधूनमधून उन्हात जाऊन कापूस उलथवायची, आणि येता-जाता माझ्या कपाळाला हात लावून पाहायची.

कारण एव्हाना घरात काळजी सुरू झाली होती. माझ्या रागावर किती लोकांचा कारभार चालतो, हे मला त्या आठवड्यात कळलं. सकाळी माझ्या पहिल्या आरोळीला आमचं पोरगं उठतं, दुसरीला शेजारचं. त्या दोघांचीही सलग तीन दिवस पहिली घंटा बुडाली. शेजारीण येऊन बायकोला म्हणाली, "भाऊजी गावाले गेले काय वं? आमच्या घरी घड्याय नाई ना." गडी मला पाहून हळूच उठायचा, तो आता बसूनच राम राम घालू लागला. म्हशीनं दुधाची वेळ बदलली.

आईनं निदान केलं: बाहेरचं लागलं. "असा नव्हता माहा लेक. कापूस वापस आला तरी बोलला नाई!" अमावस्या नव्हती, तरी तिनं मूठभर मीठ आणि सात लाल मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसक्यानं सारं घर खोकलं. मी बिनमिठाच्या वरणाचा घास हातात धरून पाहत होतो. माझ्या वाट्याचं त्या महिन्याचं मीठ डोळ्यांदेखत जळत होतं.

आणि मग धुऱ्याचं प्रकरण झालं.

आमचा शेजारचा धुरेकरी दरवर्षी एक तास आत येतो. तास म्हणजे घड्याळातला नव्हे, नांगराचा. एकदम एकरभर कोणी घेत नाही. वीतभर यंदा, वीतभर पुढच्या साली, सोबत हद्दीचा दगडही थोडा-थोडा चालत येतो. मग मी धुऱ्यावर उभा राहून वडिलांची शिवी देतो, तो आपल्या वडिलांची देतो, अर्ध्या तासानं दगड मागे जातो आणि आम्ही दोघं एकाच चुन्याच्या डबीतून तंबाखू मळतो. तीस वर्षं असंच चाललं आहे. त्याच्या पोरीच्या लग्नात पंगत मीच वाढली.

यंदाही तो गहू पेरताना आत आला. सवयीनं बैल थांबवून माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी चार मोजून श्वास घेतला, सहा मोजून सोडला आणि म्हटलं, "झाली का भाऊ पेरनी? चहा घेऊन जाय घरून."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "नाई... घेतो ना... नंतर," म्हणाला आणि बैल सोडून तसाच गावात गेला. संध्याकाळी पारावर बातमी पक्की झाली होती: यानं भूमी अभिलेखमध्ये मोजणीचा अर्ज टाकला. चूप आहे म्हणजे वकील केला असणार. रात्री तिघं मोठी माणसं घरी येऊन गेली, गोल-गोल बोलत. "घरातलं घरात मिटवा भाऊ, कोर्टाची पायरी वाईट." मी प्रत्येकाला शांतपणे सांगितलं की माझ्या मनात काहीच नाही. जितक्या शांतपणे सांगितलं, तितके ते जास्त घाबरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलो तर दगड मागे गेलेला. नुसता जुन्या जागी नाही, जुन्या जागेच्याही हातभर पलीकडे, त्याच्याच वावरात. त्यानं पेरलेल्या गव्हाची दोन तासं आता बरोबर माझ्या हद्दीत आली होती. दोन-चार दिवसांत त्यांना कोंब फुटले, हिरवेगार.

आठव्या दिवशी सिस्टरनी पट्टा आवळला. 138 आणि 88. "गोळीनं फरक पडला," त्या म्हणाल्या. मी काही बोललो नाही. बोलायचं नव्हतंच, पाच मिनिटं व्हायची होती.

त्याच संध्याकाळी धुरेकरी दारात आला. हातात वांग्याची टोपली. ओसरीवर टेकला, टोपी काढली, परत घातली. आईनं पाणी दिलं, ते त्यानं तसंच ठेवलं.

"भाऊ, खरं सांग. अर्ज टाकला काय?"

"नाई."

"मंग राग आला काय माह्या?"

"नाई ना."

तो बराच वेळ वांग्यांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "पाच रात्री झाल्या, डोया नाई लागला. एक शिवी देऊन टाक ना गड्या. लहानशी देल्ली तरी चालते."

मी आत पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं डोळ्यांनीच परवानगी दिली.

मग मी दिली. लहानशी नाही, वडिलांची, ठेवणीतली, सगळ्या शब्दांसकट. निंबावरचे पक्षी उडाले. शेजारचं पोरगं संध्याकाळी साडेसहाला दप्तर घेऊन घराबाहेर आलं. धुरेकऱ्यानं डोळे मिटून ती पूर्ण ऐकली, हुश्श केलं, पाणी प्यायलं आणि त्याच्या वडिलांची मला परत केली. मग खिशातून चुन्याची डबी काढली. त्या रात्री वांग्याच्या भाजीत मीठ होतं.

गव्हाच्या त्या दोन तासांचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. पेरा त्याचा, जमीन माझी. सोंगायला होळी उजाडेल. तोवर मी गोळी रोज घेतो आहे.