‘तीनशे लोक हसले, तुम्हालाच काय झालं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाई, नमस्कार.

माझ्या मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. तिथेच दोन ओळी लिहून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून वेगळं उत्तर लिहायला बसलो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पणजीच्या मल्टिप्लेक्समध्ये सध्या जोरात चाललेला एक हिंदी विनोदी चित्रपट मी रविवारी पाहिला आणि चित्रपटापेक्षा तो पाहणाऱ्या लोकांबद्दलच जास्त लिहिलं. कोण कुठे हसलं, कोण कुठे गप्प झालं, ते. चित्रपटाला आगापिछा नाही. लग्नघरातून हरवलेल्या एका सुटकेसमागे सहा जण धावतात, आणि वाटेत जो भेटेल त्याचा रंग, त्याचं अंग, त्याचं बोलणं यांवर विनोद होतात. नाव तेव्हाही घेतलं नव्हतं, आताही घेत नाही. या जातीचे चित्रपट येतच राहतात आणि माझं म्हणणं सगळ्यांनाच लागू आहे.

तुम्ही लिहिलंत: "तीनशे लोक पोट धरून हसत होते. तुम्ही एकटे तोंड पाडून बसलात आणि घरी येऊन त्या तीनशे जणांना बिनडोक ठरवलंत. चित्रपट उघड उघड आचरट आहे, त्याला कसली नीती लावता? आपल्या काल्यात, तियात्रात (गोव्याच्या या लोकनाट्यांत) कुणाची टर उडवत नाहीत का? भरतमुनींनीसुद्धा हास्याच्या कारणांत व्यंग सांगितलंय. उद्या विनोदच बंद करायचे का?" आणि शेवटी, "खरं सांगा, तुम्ही एकदा तरी हसलात का?"

‘बिनडोक’बद्दल आधी बोलतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तो शब्द मी रागात लिहिला होता. आठवडाभर राबून रविवारी बायकोमुलांना घेऊन, तिकिटाला आणि पॉपकॉर्नला एवढे पैसे घालून माणूस येतो तो हसायलाच येतो. त्याला शिवी देण्याचा मला काहीच अधिकार नव्हता. शब्द काढून टाकला आहे आणि काढल्याची नोंदही लेखात केली आहे. बाकी लेख मात्र तसाच ठेवतो, कारण जे ऐकलं तेच लिहिलं होतं.

त्या हॉलमध्ये हसणं एका प्रकारचं नव्हतं. सोफ्याचा प्रसंग आठवा. नवरीचा मामा सोफ्यावर पेपर वाचत बसलेला, खालची जमीन खचते, तो सोफ्यासकट तीन मजले खाली जातो आणि तळाला पोचल्यावर पेपराचं पान उलटतो. तेव्हा पुढच्या रांगेपासून मागच्यापर्यंत एकदम स्फोट झाला. माझ्या शेजारच्या आजी डोळ्यांना पदर लावत होत्या. मीही हसलो, खोकला येईपर्यंत हसलो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे घ्या. तो निव्वळ आचरटपणा होता आणि त्याच्याशी माझं काहीही भांडण नाही.

आता तोतऱ्या वॉचमनचा प्रसंग. सुटकेस कुठे आहे हे फक्त त्याला ठाऊक असतं आणि तो सांगायला लागला की अक्षर अडतं. समोरचा त्याला थप्पड मारतो. पहिल्या थपडेला हॉल थबकला, भाई. मी नीट ऐकत होतो. अर्धा सेकंद कुणालाच कळलं नाही की इथे हसायचं आहे. मग पडद्यावरून ‘टण्ण’ असा आवाज आला, मागच्या रांगेतली चार-पाच पोरं मोठ्याने हसली आणि बाकीचे त्यांच्या मागून. तिसऱ्या थपडेला तर लोक थप्पड पडायच्या आधीच हसू लागले. सावळ्या, जाड नवरीला सिलिंडर म्हणतात तिथेही तेच. माझ्या पुढे बसलेली कॉलेजची मुलगी, जी सोफ्याला गदागदा हलत होती, तिने त्या वेळी शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलून मांडीवर घेतली आणि मध्यंतरापर्यंत तशीच धरून बसली. का, ते मी तिला विचारलं नाही. पण तुमच्या तीनशेत तीही मोजली गेली आहे.

माणूस एकट्याने फारच कमी हसतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांच्या रोजच्या हसण्याच्या नोंदी घेतल्या, तेव्हा एकटं असतानापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे 30 पट जास्त हसतो असं दिसलं. अमेरिकेत टीव्हीवाल्यांनी हे 1950 च्या दशकातच ओळखलं होतं आणि मालिकांना आधीच ध्वनिमुद्रित केलेलं हसणं जोडायला सुरुवात केली होती. आपल्याकडे ते काम ‘टण्ण’ करतं. म्हणजे तीनशे लोक हसले हे खरं, पण त्यातून तीनशे जणांना तो विनोद आवडला एवढं सिद्ध होत नाही. कुणीतरी आधी हसलं आणि आपण मागे राहायला नको, एवढंच अनेकदा असतं.

आणि तीनशेचा हिशेब काढलात म्हणून सांगतो. माणसांत तोतरेपणाचं प्रमाण साधारण शंभरात एक धरतात. म्हणजे तुमच्या तीनशेत तिघे. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. त्या हिशेबाने आपल्या एवढ्याशा गोव्यात चौदा हजार माणसं. त्यातली बरीच तुमच्या-माझ्या ओळखीची असणार. ती बोलत नाहीत म्हणून आपल्याला माहीत नसतात.

मला एक माहीत आहे. तो माझा वर्गमित्र.

तुम्ही लिहिलंत की मी स्वतःला इतरांपेक्षा शहाणा समजतो. भाई, हे हसणं मी बाहेरून पाहिलेलं नाही, मी ते मिळवलेलं आहे. नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगला आम्ही एक फार्स बसवला होता. त्यात मी तोतरा नोकर होतो. कसं बोलायचं ते मी त्याच्याकडूनच शिकलो. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी डबा घेऊन बसायचो आणि त्याची हनुवटी बघायचो. पहिलं अक्षर तीनदा अडवायचं, हनुवटी थरथरवायची, डोळे मिटायचे आणि मग भलताच शब्द सोडायचा. एकदा जमलं की कधीच चुकत नाही. वाक्य काय आहे याला महत्त्वच नाही, कुठलंही वाक्य चालतं. मला त्या रात्री दर मिनिटाला हशा मिळाला, उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. तो चौथ्या रांगेत बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला "छान केलंस" म्हणायचा प्रयत्न केला आणि ‘छ’वर अडला. आजूबाजूची पोरं हसली, कारण त्यांना वाटलं तो माझी नक्कल करतोय.

यावर मला आणखी काही लिहिता येत नाही. पण पडद्यावर तो वॉचमन आला तेव्हा माझं तोंड आपसूक हसायला उघडलं होतं. तुमच्या प्रश्नाचं हे उरलेलं अर्धं उत्तर. तीस वर्षांनीही शरीर विसरलेलं नाही.

आता काला आणि तियात्र. हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा. होय, आपल्याकडे टर उडवतात आणि सणसणीत उडवतात. काल्यात संकासुर, म्हणजे त्यातलं टर उडवणारं सोंग, आलं की पुढच्या रांगेतल्या महाजनाची, देवळाच्या मानकऱ्याची, खैर नसते. सरपंचाने रस्त्याच्या डांबराचं काय केलं ते तो भर मंडपात विचारतो. तियात्रातल्या कांतारांत, म्हणजे गाण्यांत, मंत्र्यांची नावं घेऊन धुलाई होते. पण तिथे ज्याची टर उडते तो समोर बसलेला असतो, बहुतेक वेळा मंडपातल्या सगळ्यांत वजनदार खुर्चीवर. तो उलट बोलू शकतो, उठून जाऊ शकतो. आमच्या गावात तर एका महाजनाने संकासुराला भर खेळात शंभराची नोट दिली आणि "पुढच्या वर्षी जरा कमी" असं सांगितलं, त्यावर संकासुराने त्या नोटेवरूनच आणखी दहा मिनिटं घेतली. वॉचमनला थप्पड मारणाऱ्या चित्रपटात संकासुर कोण आणि महाजन कोण, तुम्हीच बघा.

आपल्या उत्सवी नाटकांतही बहिरा म्हातारा आणि तोतरा गडी वर्षानुवर्षं आहेत, हे मी नाकारत नाही. अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, नाटक करत लहानाचा मोठा झालो, मला ते ठाऊक आहे. ते आपलं म्हणून गोड होत नाही.

भरतमुनींबद्दलही तुमचं खरं आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याच्या कारणांत विकृत वेष, असंबद्ध बडबड यांच्या रांगेत व्यंगदर्शनही आहे. पण तिथून थोडं पुढे वाचा. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे हसण्याचे सहा प्रकार सांगून भरताने त्यांच्या जोड्या लावल्यात: पहिली उत्तम माणसांची, दुसरी मध्यमांची, शेवटची अधमांची. अपहसिताचं वर्णन करताना पहिलाच शब्द आहे ‘अस्थानहसितम्’. नको तिथे आलेलं, डोळ्यांत पाणी आणि खांदे हलवणारं हसू. माणसं कशाला हसतात याची यादी त्यांनी प्रामाणिकपणे दिली, आणि सगळं हसणं एका मापाने मोजलं नाही. मला तेवढंच म्हणायचं होतं.

बंदीचा तर प्रश्नच येत नाही. मी बंदी मागितलेली नाही, मागणारही नाही. अपंग पात्रांवर विनोद करणाऱ्या एका हिंदी चित्रपटाविरुद्धचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, त्याचा निकाल 8 जुलै 2024 रोजी लागला. न्यायालयाने चित्रपटाला हात लावला नाही. पण अपंगत्वाबद्दलची समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद वेगळा, हा फरक निकालात स्पष्ट मांडला आणि अशी पात्रं रंगवताना कोणतं भान ठेवावं तेही सांगितलं. आपल्या पणजीतच जानेवारी 2023 मध्ये पहिला पर्पल फेस्ट, अपंग व्यक्तींचा महोत्सव, झाला. तेव्हा तुम्ही काढलेले फोटो मी पाहिलेत, त्यांखाली तुम्ही फार मनापासून लिहिलं होतं. तेच मन घेऊन तो थपडेचा प्रसंग पुन्हा एकदा बघा, एवढीच माझी विनंती.

‘आचरटपणा आहे, कोण मनावर घेतं’ हेही तुम्ही लिहिलंत. भाई, दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर तुम्ही तुमचा पुण्यातल्या हॉस्टेलचा अनुभव लिहिला होता. पहिल्याच दिवशी रूममेटने विचारलं होतं, "गोव्याचा ना? मग बाटली कुठाय?" तुम्ही आयुष्यात थेंब घेतलेला नाही. त्या पोराने तोवर गोवा पाहिलाही नव्हता. त्याने पाहिला होता हिंदी सिनेमातला गोंयकार, सकाळपासून झिंगलेला, गळ्यात क्रॉस, तोंडात मोडकं हिंदी. तोही आचरटच होता आणि तोही कुणी मनावर घेत नव्हतं. तरी तो तुमच्या आधी पुण्याला पोचला होता. हिंदी विनोदी चित्रपटातली कामवाली बाई नऊवारीत आणि मराठी हेलातच का बोलते, यावरही आपण इथे तावातावाने लिहिलेलं आहे. तेव्हा आपलं लागलं होतं. वॉचमन आपला नाही, म्हणून या वेळी लागलं नाही, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

माझ्या त्या वर्गमित्राबद्दल एक राहिलं. तो आता इलेक्ट्रिशियन आहे, आमच्या अर्ध्या वाड्याच्या वायरिंगला त्याचा हात लागलाय. फोनवर तो बोलत नाही, मेसेज करतो. पण चवथ (गणेशचतुर्थी) संपली की देवळात तालमी सुरू होतात आणि तिथे तो गेली बारा वर्षं दुर्योधनापासून हिरण्यकश्यपूपर्यंत सगळं करतो. पाठ केलेलं भाषण तो एका दमात, एकही अक्षर न अडखळता म्हणतो. तोतरेपणा असलेल्या अनेकांना गाताना, चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा दुसऱ्याची भूमिका करताना असं मोकळं बोलता येतं. मेकअप उतरला की पुन्हा अडतं. बाहेर फेरीत, जत्रेतल्या दुकानांत, खाजें हा गोड खाऊ घ्यायला आम्ही जातो तेव्हा तो बोटाने दाखवतो आणि अर्धा किलोसाठी हाताने खूण करतो. दुकानदार त्याला ओळखतो, तो काही विचारत नाही, काट्यावर घालायला लागतो.

यंदाही तो दुर्योधन करतोय. तुम्ही नाटकवेडे आहात, शिवाय फोंड्याहून आमचं गाव वीस मिनिटांवर. तारीख ठरली की कळवतो. पडदा साडेदहाला असं छापतील, पण बारा वाजतातच, तेव्हा जेवून या. माझ्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवतो.