अंगठ्यावर पेललेला भार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इटालियन चित्रकार मायकेलअँजेलोच्या ‘लिबियन सिबिल’ (प्राचीन काळची एक भविष्यवादिनी) या आकृतीच्या रेखाटनावरचा माझा लेख मन लावून वाचलात हे प्रतिक्रियेवरून कळतं, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं : मायकेलअँजेलोने स्वतःच आपली बरीच रेखाटनं जाळली, म्हणजे त्याच्या लेखी ती कच्ची कामं होती, मग एका पायाच्या अंगठ्यावर मी तीन परिच्छेद का खर्च केले? शिवाय धर्मचित्रातल्या स्त्रीसाठी उघड्या अंगाचा पुरुष समोर बसवला, त्यात भक्ती ती कसली?

जाळल्याची गोष्ट त्याचा समकालीन चित्रकार आणि चरित्रकार वासारी याने लिहून ठेवली आहे, आणि कारणही त्यानेच दिलंय. आपण किती कष्ट उपसले, स्वतःला किती परींनी पारखलं, हे कुणाला दिसू नये असं मायकेलअँजेलोला वाटे. लपवायचे होते ते कष्ट. टाकाऊ कागदाची एवढी धास्ती कोण घेतं? खुद्द वासारी तर अशी रेखाटनं जमवून वह्यांत चिकटवून ठेवायचा.

आता तो कागदच पाहू. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं हे लिबियन सिबिलचं रेखाटन साधारण १५१०-११चं, लाल खडूतलं, जेमतेम ए-४ कागदाएवढं. पाठमोरा तरुण, कंबरेतून पिळलेला, हात पसरलेले. भोवती तोच चेहरा परत, हात परत, आणि डाव्या पायाची बोटं पुन्हा पुन्हा. हा कागद व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपलच्या छतावरच्या चित्राची तयारी; तिथे ही भविष्यवादिनी भलामोठा ग्रंथ पेलत वळते. घरी करून बघा : खुर्चीच्या कडेवर बसा आणि मागच्या फळीवरचं जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी उचला. टाच आपोआप वर येते, भार चवड्यावर जातो, अंगठा जमिनीत रुततो. कागदावर नेमकं तेच रुतणं आहे. ते चुकलं असतं तर एवढी थोरली बाई छतावर नुसती अधांतरी दिसली असती.

आणि हे चाचपडणं आधीच उरकावं लागे. भित्तिचित्रात ओल्या गिलाव्यावरच रंग भरायचा असतो. त्या दिवशी लावलेला गिलावा सुकायच्या आत तेवढा भाग पुरा व्हायला हवा. चुकलं की खरवडा आणि नव्याने लिंपा.

पुरुषाबद्दल एवढंच, की तेव्हाच्या कार्यशाळांत स्त्रीच्या आकृतीसाठीही बहुधा हाताखालचे तरुण मुलगेच बसवत. छतावरची सिबिल वस्त्रं ल्यालेली आहे, फक्त खांदे आणि दंड उघडे. भक्ती कुठे, म्हणाल तर मला ती अंगठ्यातच दिसते. छत जमिनीपासून सुमारे २० मीटर उंच. खाली प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या कुणाला ती बोटं नीट दिसणार होती? तरी तो ती परत परत काढत राहिला.

एक मात्र तुमचं खरं. ‘रेखाटन मूळ चित्रापेक्षा सरस’ हे मी घाईत लिहिलं. खालच्या पावलाशिवाय वरचा ग्रंथ नाही, तसंच उलटंही. ते वाक्य आज काढलंय. अंगठ्याचे तीन परिच्छेद तसेच ठेवतो.