पंधरवड्यात वाढतं ते बहुतेक पाणी

व्यायाम सुरू केल्यावर पंधरा दिवसांत काटा दीड किलो चढला तर ते स्नायूच, हे व्यायामावरच्या एका लेखातलं वाक्य पटलं नाही. इतक्या लवकर एवढा स्नायू कुणाचा बनतो? दुखऱ्या स्नायूंना किंचित सूज येते, शिवाय त्यांत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, साठतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरलं जातं. त्यात आम्ही रत्नागिरीकर, पावसाळ्यात ताटात सुकट नाहीतर खारा बांगडा! त्या मिठानेही काटा वर जातो.

आमच्याबरोबर भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला येणारी वहिनी याच धास्तीने व्यायाम सोडायला निघाली होती. तिला म्हटलं, टेप घे आणि कंबर मोज. महिन्याभराने वजन जवळपास तेच, पण ब्लाउज सैल. पाय सुजलेलेच राहत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा.