"सर, गाणी लावून अभ्यास केला तर चालतं?"

परीक्षा तोंडावर आल्या की माझ्या शिकवणीतली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. यंदा पालकांचेही फोन येताहेत, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

वाचताना आणि पाठ करताना शब्द असलेलं गाणं अजिबात नको. याबाबत माझं मत ठाम आहे. वाचताना आपण मनातल्या मनात शब्द उच्चारत असतो, वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यात धरून ठेवत असतो. गाण्याचे शब्द नेमके तिथेच घुसतात. परवा एक मुलगी एका कानात इअरफोन घालून केमिस्ट्रीच्या व्याख्या लिहीत बसली होती. पेन 'कॅटॅलिस्ट'वर येऊन थांबलेलं, ओठ मात्र हलत होते, तेही गाण्याच्या तालावर.

"पण सर, मी कोरियन गाणी ऐकते. मला त्यातलं काही कळतच नाही!" हे उत्तर आता गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. १९७६ साली अमेरिकेत कोल आणि वेल्श या संशोधकांनी हेच तपासलं होतं. विद्यार्थ्यांना अक्षरं दाखवायची, ती त्याच क्रमाने आठवून लिहायला सांगायची आणि मागे जर्मन उतारा चालू ठेवायचा. भाषा परकी असूनही मुलांच्या चुका वाढल्या. पुढे १९८९ मध्ये सालामे आणि बॅडली यांना नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा गायलेलं संगीत जास्त अडथळा आणतं असं आढळलं. तेव्हा शब्द कळोत न कळोत, माणसाचा आवाज कानात शिरला की लक्ष त्याच्याकडे जातंच.

मग मोझार्टचं काय? 'मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होईल' असे मेसेज अजून फिरतात. मूळ प्रयोग १९९३ चा, कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर केलेला. त्यांनी दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंची रचना ऐकली आणि नंतर, संगीत बंद झाल्यावर, आकृत्यांची कोडी सोडवली. फायदा झाला, पण दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्या बळावर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायचा प्रस्ताव मांडला! नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की खरी करामत मन प्रसन्न होण्याची आणि तरतरी येण्याची होती. म्हणून मी मुलांना सांगतो, पुस्तक उघडण्याआधी दहा मिनिटं तुमचं आवडतं काहीही ऐका. घुमट हे वाद्य वाजवून म्हटलेली आरती ऐका, नाट्यगीत ऐका, कोरियन गाणंही ऐका. मग बंद करा आणि बसा. जर्नलमधल्या आकृत्या काढताना, वही उतरवून काढताना गाणी खुशाल चालू द्या, कंटाळा तरी कमी येईल.

प्रश्न उरतो गोंगाटाचा. जत्रा आणि शिगम्याच्या दिवसांत गावात शांतता कुठून आणायची? रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम आहे, पण मुलं अभ्यासाला बसतात सातला. अशा वेळी मोबाईलवर तानपुरा लावा. सतत बदलणारा आवाज लक्ष खेचतो, एकसुरी आवाजाची कानाला लवकर सवय होते. स्वर खालचा ठेवा, काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास. मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला असू द्या आणि आवाज पंख्याच्या घरघरीइतकाच ठेवा. जाहिराती मध्ये येणार नाहीत असं ॲप बघा. पावसाचा आवाजही चालतो. अर्थात रोज थोडा वेळ पूर्ण शांततेत पेपर सोडवायलाच हवा, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये ना तानपुरा असतो ना पाऊस.

माझा दुसरा आग्रह गाण्यासाठीच आहे. केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्यांच्याच गोव्यातल्या मुलांनी राग म्हणजे अभ्यासाच्या मागे चालू ठेवायचा आवाज समजावा, हे मला खरोखर लागतं. ती भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत पुस्तक मिटून, मोबाईल उलटा ठेवून ती ऐका. प्रत्येक हरकत ऐका.

आणि पालकांनो, परीक्षा होईपर्यंत संध्याकाळी सात ते नऊ हॉलमधला टीव्ही बंद ठेवा. मालिका म्हणजेही सतत चालणारं बोलणंच. भिंतीपलीकडून ते ऐकू येतं आणि मुलाने कानात काही घातलेलं नसलं तरी त्याच्या वाचनात शिरतं.